मुंबई विद्यापीठातून एमए (समाजशास्त्र) करावं का? वय ४३, बजेट २५ हजार

पारिजात_४३
नमस्कार मंडळी. माझं बीए २००२ सालचं, मुंबई विद्यापीठाचंच. डोंबिवलीला राहते, फोर्टात एका सीएंकडे हिशेबाचं काम करते. माहेर लालबागचं, बाबा गिरणीत होते. गेली तीन वर्षं चाळीतल्या जुन्या माणसांकडे बसून त्यांच्या आठवणी वहीत उतरवून घेतेय. ८२चा संप, खानावळवाल्या मावश्या, नळावरची भांडणं, सगळं. चार वह्या भरल्या. ओळखीच्या एका बाईंनी (त्या कॉलेजात शिकवायच्या) वाचून म्हटलं, "आता थोडं शिकून लिही." तेव्हापासून डोक्यात किडा आहे.
प्रश्न दोन. कलिन्याला विद्यापीठाच्या विभागात नियमित एमए करावं की आयडॉलमधून, म्हणजे विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षणातून? आणि मुंबई विद्यापीठाला आता काही वजन उरलंय का? नवरा म्हणतो, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.
बजेट दोन वर्षांचं मिळून २५ हजार, पुस्तकं आणि जाणं-येणं धरून. घरचा पगार थांबवता येणार नाही. कृपया हे वाचून उत्तर द्या.

कल्याण_फास्ट
ताई, सरळ खाजगी विद्यापीठ बघा. माझ्या भाचीने केलं. एसी वर्ग, लॅपटॉप, परदेशी पाहुणे, सगळं. वर्षाला साडेतीन लाख, पण नेटवर्किंग होतं.

पारिजात_४३
दादा, २५ हजार. दोन वर्षांचे.

कल्याण_फास्ट
शैक्षणिक कर्ज मिळतं ना.

बटाटेभजी
आयडॉल. डोळे मिटून आयडॉल. मी एमकॉम तिथूनच केलं. १९७१ पासून चालू आहे, काल उघडलेलं दुकान नाही. आता अधिकृत नाव बदललंय, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षण केंद्र असं काहीतरी, पण रिक्षावाला आयडॉलच ओळखतो. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीचीच धरायची. मग रोज कुर्ल्याला लोंबकळत कशाला जायचं?

नाव_घेत_नाही
मी एका विद्यापीठातून दूरस्थ पदवी घेतली. कुठलं ते सांगत नाही, महाराष्ट्रातलं आहे एवढंच. गुणपत्रिकेत माझ्या नावात एक काना जास्त. तो काना काढायला अकरा खेपा. पहिल्या खिडकीवर सांगितलं दुसरी, दुसरीवर जेवणाची सुट्टी, तिसरीवर "हा अर्ज जुन्या नमुन्यात आहे". शेवटी प्रतिज्ञापत्र करून मीच नाव बदलून घ्यावं इथपर्यंत विचार गेला होता. सल्ला एकच, फॉर्म भरताना नाव तीनदा वाचा.

बटाटेभजी
+१. नाव तीनदा वाचा. पण आयडॉलच.

ठाणेकर_जुना
'वजन उरलंय का' याचं उत्तर देतो. १८ जुलै १८५७. देशातलं पहिलं विद्यापीठ आहे ते. वजन कुठे जाणार?

हुगळी
पहिलं कलकत्ता. २४ जानेवारी १८५७. मुंबई दुसरं, मद्रास ५ सप्टेंबरला. तिन्ही एकाच वर्षातली, पण क्रम क्रम असतो.

ठाणेकर_जुना
सहा महिन्यांनी काय फरक पडतो?

हुगळी
'पहिलं' म्हटल्यावर पडतो.

ठाणेकर_जुना
विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तुमच्याकडे आहे का? २६० फूट!

हुगळी
२८०. आपलाच टॉवर, आपणच वीस फूट खाल्ले :)

गवाक्ष
टॉवरचा विषय निघालाच आहे तर अवांतर. त्याचे वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत, इंग्लंडात बसून आराखडे पाठवले. पैसे प्रेमचंद रायचंदांचे, कापसाच्या तेजीतले. ग्रंथालयाला दोन लाख, मनोऱ्याला दोन लाख, आणि मनोऱ्याला आईचं नाव. तिकडे अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ला संपलं, इकडे कापूस कोसळला आणि शेठजी बुडाले. टॉवर मात्र १८७८ला पुरा झाला. म्हणतात की आई दृष्टिहीन आणि जैन, सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून घंटेवर वेळ कळायची. खरं-खोटं घंटेला माहीत. सांगायचा मुद्दा, विद्यापीठाची श्रीमंती म्हणून आपण जे बघतो ते एका सट्टेबाजाचं देणं आहे.

बटाटेभजी
ताईंचा एमए टॉवरात नाहीये हो.

दप्तर_दाखल
उशिरा आलो, पण जरा सविस्तर लिहितो, कारण वर सगळे 'विद्यापीठ' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतायत आणि तिथेच घोळ आहे.
१८५७ला जे निघालं ते शिकवणारं विद्यापीठ नव्हतंच. वुडचा खलिता, म्हणजे कंपनी सरकारचं शिक्षणधोरण, १८५४चा, त्यात नमुना लंडन विद्यापीठाचा. ते तेव्हा परीक्षा घ्यायचं, पदव्या द्यायचं, बस. शिकवायची ती कॉलेजं: एल्फिन्स्टन, विल्सन, ग्रँट मेडिकल, ही विद्यापीठाच्या आधीपासूनची. १८६२ला पहिले चार बीए झाले, रानडे, भांडारकर, मोडक, वागळे. त्यांना विद्यापीठाने शिकवलं नाही, तपासलं. सिंधपासून धारवाडपर्यंतची मुलं या एकाच विद्यापीठाला परीक्षा द्यायची. गांधीजींचं मॅट्रिकही इथलंच, १८८७चं, परीक्षा अहमदाबादेत. तेव्हा तुमचं २००२चं बीए ही त्या पहिल्या गोष्टीची पदवी. शिकवलं कॉलेजने, शिक्का विद्यापीठाचा. तुमचे मिस्टर ज्याला कथलाचा वाळा म्हणतायत तो बहुतेक हा, आठशेच्या वर संलग्न कॉलेजांचा गाडा.
दुसरी गोष्ट, विद्यापीठाचे स्वतःचे पदव्युत्तर विभाग. ते फार उशिरा आले. आणि त्यांची सुरुवात कुठल्या विषयाने झाली? समाजशास्त्र. १९१९. विषयाचं तेव्हाचं नाव 'समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र', पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस. हा माणूस मुळात जीवशास्त्राचा, पुढे नगररचनाकार झाला. गल्लीबोळ पाडून रुंद रस्ते काढणाऱ्या इंजिनीयरांशी त्याचं कायम वाजायचं. आधी पायी फिरा, माणसं कशी राहतात ते बघा, मग आराखडा काढा, असं त्याचं म्हणणं. १९२४ला समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये प्रमुख म्हणून आले आणि १९५९पर्यंत राहिले. इरावती कर्वे त्यांच्या विद्यार्थिनी, १९२८चं एमए. एम. एन. श्रीनिवास त्यांचेच, ज्यांनी पुढे दिल्लीचा विभाग उभा केला. अ. र. देसाईही त्यांचेच, गुरूच्या अगदी उलट टोकाचे मार्क्सवादी, तरी त्याच विभागाचे प्रमुख झाले. भारतात समाजशास्त्र शिकताना जी नावं पाठ करतात त्यातली निम्मी त्या एका जिन्यावरून चढली-उतरली आहेत.
तिसरी गोष्ट म्हणजे आयडॉल. शिक्का तोच, पण तो जिना नाही. स्वतः वाचायचं, स्वतः लिहायचं, अधूनमधून वर्ग.
विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकने २०२१ला ३.६५ गुण देऊन अ++ दिला तो सगळ्या विद्यापीठाला मिळून. त्यावरून एखादा विभाग चांगला की वाईट ते कळत नाही. विभागात आज शिकवतं कोण, किती जागा भरलेल्या आहेत, त्यांचे मागच्या पाच वर्षांतले लेख कोणते, हे बघा. रँकिंगपेक्षा त्या बोर्डावरची नावं वाचा.
एवढं लिहून माझा सल्ला आयडॉलच. नोकरी, डोंबिवली, त्रेचाळीस वय. हजेरी जमणार नाही.

कोकणकडा
घुर्ये आमच्या मालवणचे. लिहून ठेवा.

दप्तर_दाखल
लिहिलं.

रासायनिक_राजू
विद्यापीठाचं खरं रत्न यूडीसीटी, रसायन तंत्रज्ञानाचा विभाग. १९३३. माझे थोरले बंधू तिथले. मुकेश अंबानी तिथले, घरडा तिथले. २००८ला ते स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झालं, आता आयसीटी. रत्न हातचं गेलं, आता कोंदण घेऊन बसा.

पारिजात_४३
बंधूंना नमस्कार सांगा. पण मला रंगांचं रसायनशास्त्र नको, समाजशास्त्र हवंय.

रासायनिक_राजू
एक उदाहरण दिलं हो.

दीपमाळ
समाजशास्त्रच करायचं तर देवनारची टाटा संस्था बघा. १९३६ची, समाजकार्याचं शिक्षण त्यांनी सुरू केलं. मैत्रीण तिथली, आता दिल्लीत मोठ्या हुद्द्यावर आहे. आम्हाला ओळख दाखवत नाही ते सोडा.

सदाशिव_नव्हे
पुणे! पुणे विद्यापीठ १९४९ला मुंबईतूनच वेगळं निघालं, पण लेक आईपेक्षा शहाणी निघते कधीकधी. डेक्कन क्वीनने ये-जा करा.

कल्याण_फास्ट
रोज? डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून सुटते आणि संध्याकाळी मुंबईहून. उलटी गंगा आहे तुमची. ताई सकाळी पुण्याला कशी पोचणार?

सदाशिव_नव्हे
मग पुण्यातच राहा.

नाव_घेत_नाही
पुण्यात खोलीचं भाडं बघितलंय का? आणि हो, ज्या विद्यापीठाचं नाव घेत नाही त्यांनी दीक्षान्त समारंभाचं पत्र समारंभ झाल्यावर पाठवलं. काना मात्र तोवर निघाला होता.

रानजाई
मी थोडं वेगळं सांगते. मी आयडॉलमधून एमए (इतिहास) केलं, चाळिशीतच. पदवी मिळाली, पगारवाढही मिळाली, तक्रार नाही. पण दोन वर्षांत माझं लिखाण कुणी खाडाखोड करून परत दिलं नाही. तुझ्याकडे चार वह्या आहेत म्हणतेस. तुला पदवी हवीय की त्या वह्या वाचणारं कुणी? पदवी हवी असेल तर आयडॉल, खर्चही बजेटात बसतो. दुसरं हवं असेल तर आयडॉल घे आणि शनिवारी कलिन्याच्या नेहरू ग्रंथालयात जाऊन बस, विभागातली व्याख्यानं बाहेरच्यांना खुली असतील तेव्हा ऐक. माझं चुकलं ते हेच, मी घरीच बसून वाचलं.
पेपर मराठीतून लिहिता येतो का ते आधी माहितीपत्रकात बघ. वाचायची पुस्तकं बहुतेक इंग्रजीच निघतील, त्याची तयारी ठेव. रानड्यांनी मराठीला विद्यापीठात जागा मिळावी म्हणून शेवटपर्यंत खटपट केली, तरी आपण अजून शब्दकोश उशाशी घेऊनच झोपतो.

बटाटेभजी
रानजाईला अनुमोदन. म्हणजे आयडॉल. मी आधीच म्हटलं होतं.

ठाणेकर_जुना
हुगळीसाहेब, टॉवर मोजून आलो. म्हणजे गूगलवर. २८०.

हुगळी
धन्स.

पारिजात_४३
सगळ्यांचे आभार. निर्णय सांगते, रागावू नका.
मागच्या शनिवारी कलिन्याला जाऊन आले. खरं म्हणजे आयडॉलचं माहितीपत्रक घ्यायला गेले होते, दप्तरदादांच्या त्या जिन्याचं डोक्यात होतं म्हणून विभागातही डोकावले. एक मॅडम भेटल्या. एक वही बरोबर होती, ती चाळली त्यांनी. मी खानावळवाल्या एका मावशींचा हिशेब उतरवलाय, कुणाकडून महिन्याला किती, संपात कुणाची किती उधारी राहिली. त्यावर त्या थांबल्या आणि विचारलं, "ही उधारी पुढे कुणी फेडली, हे विचारलंत का?" मी विचारलं नव्हतं. तीन वर्षांत सुचलंच नाही.
परत येताना गाडीत तेच डोक्यात. सोमवारी सीएसाहेबांना सांगितलं, मी दुपारी येईन, रात्री आठपर्यंत बसेन, पगार थोडा कापा. ते म्हणाले, मार्च सोडून काय ते करा. म्हणून नियमित प्रवेशाचा फॉर्म भरलाय. नाव तीनदा वाचलं. प्रवेश मिळाला तर कलिना, नाही मिळाला तर पुढच्या वर्षी परत भरेन. नवऱ्याने कथलाच्या वाळ्याचं पुन्हा ऐकवलं आणि मग डबा मी भरतो म्हणाला.

दप्तर_दाखल
मी सहा परिच्छेद लिहून आयडॉल सांगितलं आणि तुम्ही त्यातल्याच ओळी वाचून उलटं केलंत.

बटाटेभजी
हजेरी कशी भरणार? मार्चला काय करणार? ताई, पस्तावाल. आयडॉलची तारीख अजून गेलेली नाही.

रानजाई
मावशींकडे कधी जातेयस?

पारिजात_४३
रविवारी. आता करी रोडला लेकाकडे असतात.
एक छोटा प्रश्न. कुर्ल्याला उतरून कलिन्याला जायला ३१३ पश्चिमेलाच मिळते ना?

कल्याण_फास्ट
पश्चिमेला. पण बस सोडा, शेअर रिक्षा घ्या.

नाव_घेत_नाही
शेअर रिक्षा मुळीच घेऊ नका. मला एकदा वाकोल्याला नेऊन सोडलं होतं.

कल्याण_फास्ट
कुठल्या रिक्षाने?

नाव_घेत_नाही
नंबर सांगत नाही.