अपंगत्व, ताण आणि योग: ईईजीत अल्फा वाढला म्हणजे नेमकं काय सिद्ध झालं?

तरंगवाचक (धागाकर्ता)
शारीरिक अपंगत्व असलेल्या, ताणाने ग्रासलेल्या लोकांना काही आठवडे योग शिकवायचा, आधी आणि नंतर ईईजी (डोक्याला तारा लावून घेतलेली मेंदूतल्या विजेची नोंद) काढायचा, आणि अल्फा तरंग वाढले की 'योगाने मेंदू शांत झाला' असं लिहून मोकळं व्हायचं. ही मांडणी मला पटत नाही. योगाशी भांडण नाही, मोजमापाशी आहे.

अल्फा म्हणजे सेकंदाला ८ ते १३ आवर्तनं. हान्स बर्गरने १९२९ साली माणसाच्या ईईजीवरचा पहिला निबंध छापला. जाग्या माणसाने डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात अल्फा उसळतो आणि उघडले की दबतो, हे त्याच्याच काळापासून माहीत आहे. त्याला प्राणायाम लागत नाही. पहिल्या दिवशी यंत्राला बिचकलेला माणूस सारखे डोळे किलकिले करतो, शेवटच्या दिवशी निवांत मिटून बसतो. झाला निष्कर्ष तयार!

दुसरं, स्नायू. कपाळ, कानशील आणि मानेच्या स्नायूंची वीज साधारण २० आवर्तनांपासून पुढे पसरते, म्हणजे थेट बीटाच्या पट्ट्यात (१३ ते ३०). सेरेब्रल पाल्सीत (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे येणारं अपंगत्व) मान आणि जबडा अनेकदा आवळलेला असतो. तो सैल पडला की बीटा घटल्यासारखा दिसतो आणि अल्फाची टक्केवारी आपोआप चढते, मेंदूत काहीही न बदलता.

तिसरं, औषधं. ताठरपणासाठी डायझेपाम किंवा क्लोनाझेपाम चालू असेल तर बीटा मुळातच वाढलेला असतो. मधेच डोस कमी झाला तर श्रेय योगाला.

खुर्चीयोग
तिन्ही मुद्दे मान्य, निष्कर्ष अमान्य. ईईजी नको तर मोजणार काय? तळहाताचा घाम? हृदयाच्या ठोक्यांतला चढउतार? घाम आणि ठोके वाढवणारे सिंपथेटिक मज्जातंतू मेरुरज्जूतून छातीच्या पहिल्या पातळीपासून कमरेच्या दुसऱ्या पातळीपर्यंत बाहेर पडतात. मानेत पूर्ण इजा असेल तर मेंदूतला ताण तिथवर पोचतच नाही. ती मापं धडधाकट माणसासाठी ठीक, इथे दिशाभूल करणारी. उरली प्रश्नावली: पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केलचे (स्वतःला जाणवणारा ताण मोजणारी) १० प्रश्न, ० ते ४० गुण. तीन महिने प्रेमाने शिकवणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात बसून ती भरताना माणूस थोडा मेहेरबान होतोच. म्हणून याच गटात ईईजीची गरज जास्त आहे.

तुम्ही दाखवलेले दोष दुरुस्त होतात. दोन्ही वेळा दिवसाची तीच वेळ ठेवा. डोळे मिटून ५ मिनिटं आणि उघडे ठेवून ५ मिनिटं, वेगवेगळी नोंद घ्या. इलेक्ट्रोडचा (डोक्यावर लावायच्या चकतीचा) अवरोध ५ किलोओहमच्या खाली आणा. पापणी लवल्याचे, दात आवळल्याचे तुकडे काढून टाका. टक्केवारीसोबत निरपेक्ष शक्तीही (त्या पट्ट्यातली प्रत्यक्ष वीज किती) छापा. डोस बदललेल्यांचं विश्लेषण वेगळं करा.

शिवाय पुरावा फक्त तरंगांचा नाही. बोस्टनमध्ये २००७ साली एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने (एमआरआय यंत्राने मेंदूतली रसायनं मोजण्याची पद्धत) मोजलं, तेव्हा ६० मिनिटांच्या आसनांनंतर मेंदूतला गाबा (मेंदू शांत करणारं रसायन) २७ टक्के वाढलेला आढळला. तेवढाच वेळ वाचन करणाऱ्यांत बदल नव्हता.

तरंगवाचक
त्यात योग करणारे ८ जण होते, वाचणारे ११. ते आठही आधीपासून सराव करणारे, आणि आसनं पूर्ण शरीराची. ते २७ टक्के खुर्चीत बसलेल्या माणसाच्या खात्यावर कसे जमा करता?

उलट एक पेच बघा. पाय हलत नाहीत म्हणून शिक्षक सांगतो, 'आसन मनात करा.' हालचालीची नुसती कल्पना केली तरी सी३, सी४ या डोक्याच्या मध्यभागाच्या डाव्या-उजव्या जागांवरचा म्यू लय (हालचालीशी जोडलेले तरंग) दबतो. तो पट्टाही ८ ते १३ चाच! मागे अल्फा वाढतोय, मध्यभागी त्याच पट्ट्यात घटतोय. सगळ्या १९ इलेक्ट्रोडची सरासरी काढली की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. 'अल्फा वाढला' या वाक्याला जागा सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

शंकेखोर
+१. आणि तुलनागटाला 'प्रतीक्षा यादी'त बसवून चालत नाही. तेवढाच वेळ, तेवढंच लक्ष, तसाच शिक्षक, पण फक्त खुर्चीत बसून श्रवण. नाहीतर मोजला गेला तो सहवास.

पाठकणा
तुम्ही दोघं तारा जोडण्यात रमलात. वर्गात काय बिघडतं तेही बघा, कारण बिघडलेला वर्ग ईईजीत 'ताण' म्हणूनच उमटतो.

मेरुरज्जूला छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असेल तर भरलेलं मूत्राशय, कॅथेटरला (लघवीच्या नळीला) पडलेली पीळ किंवा घट्ट पट्टा एवढ्यानेही रक्तदाब झपाट्याने चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम फुटतो. अशा माणसाचा नेहमीचा वरचा दाब ९० ते ११० असू शकतो, त्यामुळे १४० हा त्याच्यासाठी 'जरा जास्त' नव्हे, आणीबाणी आहे. ताबडतोब सरळ बसवा, कपडे आणि पट्टे सैल करा, कॅथेटर तपासा. दाब उतरला नाही तर डॉक्टर. वर्गाआधी मूत्राशय रिकामं करणं हा पहिला नियम.

कपालभाती अशांना देऊच नका. उच्छ्वासाचा झटका पोटाच्या स्नायूंनी मारायचा असतो आणि त्यांचे मज्जातंतू छातीच्या खालच्या अर्ध्या भागातून येतात. ते तुटले असतील तर माणूस मान आणि खांदे झटकत राहतो. तुमच्या ईईजीचा बीटा तिथून येतो! त्याऐवजी ४ सेकंद श्वास, ६ सेकंद उच्छ्वास, मिनिटाला ६ आवर्तनं. नाडीशोधनाला बोटं लागतात. भ्रामरी हाताशिवायही जमते. ताठर स्नायू झटक्याने ताणला की उलट आवळतो, म्हणून सावकाश जाऊन निदान ३० सेकंद थांबा. संवेदना नसलेल्या पायावर जोर नको, तिथली हाडं ठिसूळ झालेली असतात. खुर्चीतल्या माणसाचा बैठकीवरचा भार दर १५ ते ३० मिनिटांनी हलका करा. शवासनातून उठवताना टप्प्याटप्प्याने, नाहीतर दाब कोसळून चक्कर येते.

खुर्चीयोग
शेवटचा मुद्दा नोंदीलाही लागू. शवासनानंतर लगेच ईईजी नको. २० मिनिटं सरळ बसू द्या, मग ईईजीची टोपी चढवा.

तरंगवाचक
हे मान्य. मात्र त्या २० मिनिटांत झोप लागली का तेही बघा. डुलकी लागताना अल्फा तुटत जातो, ४ ते ८ चा थीटा वर येतो आणि बुबुळं संथ फिरू लागतात. ती खूण दिसली की तो तुकडा बाद. 'ध्यानातला थीटा' म्हणून छापू नका.