मदत हवी आहे: आईसाठी पावसाळ्यापुरतं घर, पंचवटीतच

आई ७४ वर्षांची, नाशिकला पंचवटीत गोदावरीजवळच्या जुन्या घरात एकटी राहते. पुरात नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडायला लागली की आमच्या गल्लीत पाणी येतं. मागच्या वेळी धान्याचे डबे शेजाऱ्यांनी माडीवर चढवले. मी पुण्यात, नोकरी सोडता येत नाही. तिला इकडे आणलं, तर बाराव्या दिवशी पिशवी भरून दारात बसली. गंगापूर रोडला फ्लॅट दाखवला, तर म्हणाली, "इथून काळाराम केवढा लांब!" तिची सगळी माणसं तिथेच आहेत, मला तिचं पटतं. गुडघ्यांमुळे तळमजलाच हवा. दलाल ११ महिन्यांच्या कराराखाली बोलत नाहीत. जून ते सप्टेंबर असं चारच महिन्यांसाठी पेठ रोड, दिंडोरी रोडकडे कुणाला घर मिळालंय का? मालकाशी काय ठरवलंत?