मदत हवी आहे: ग्रहण शिकवताना चंद्राच्या कक्षेचा कल पोरांना कसा दाखवू?

मंडळी, मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. टॉर्च आणि चेंडू घेऊन ग्रहण दाखवलं, तर चेंडू दर फेरीला सावलीतच! एक पोरगी म्हणाली, "बाई, मग दर पुनवेला न् अवसेला ग्रहण व्हायला पाहिजे की." बरोबरच आहे तिचं. पण प्रत्यक्षात चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली. सूर्य राहू-केतूजवळ, म्हणजे चंद्राची कक्षा ती पातळी जिथे ओलांडते त्या पातबिंदूंजवळ असला तरच दोन्ही ग्रहणं जमतात. म्हणूनच २०२५ मध्ये ७ सप्टेंबरला चंद्रग्रहण आणि लगेच २१ ला सूर्यग्रहण (ते आपल्याकडे दिसलं नाही म्हणा). सायकलची जुनी रिंग तिरपी धरून बघितली, पण ५ अंश डोळ्याला कळतच नाहीत. कल मुद्दाम वाढवला तर पोरांचा चुकीचा समज होईल का? कुणी वर्गात करून बघितलंय?