मदत हवी आहे: करकोच्याच्या पिलाच्या पायात सुतळी अडकलीय की फोटोतच खोट आहे?

उजनीकाठचा:
मंडळी, जरा घाईचं आहे. मी मूळचा इंदापूरचा, सध्या जर्मनीत कार्ल्सरूहंजवळ असतो. इथल्या एका खेड्यात चर्चच्या छपरावर पांढऱ्या करकोच्याचं घरटं आहे, तीन पिलं. समोरच्या घरातल्या आजी त्यांच्या पोटमाळ्याच्या खिडकीतून फोटो काढू देतात, त्यामुळे घरटं जवळपास डोळ्यांच्या रेषेत येतं.

शनिवारच्या फोटोंत मधल्या पिलाच्या उजव्या पायावर निळसर रेघ दिसतेय. गवताचे गठ्ठे बांधायची प्लॅस्टिकची सुतळी असते, तसली. पण पांढऱ्या पिसांचा पार चुना झालाय, झूम केलं की सगळंच धूसर, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. १५०-६०० लेन्स, क्रॉप बॉडी, दुपारी दोनची वेळ, सगळं ऑटोवर. सेटिंग काय ठेवू? आणि सुतळीच निघाली तर सांगायचं कुणाला? ऑफिसातला एक जण म्हणतो, ड्रोन वर पाठव, मिनिटात कळेल.

पाणलावा:
ड्रोन अजिबात नको. जर्मनीच्या निसर्गसंरक्षण कायद्यात हा पक्षी कडक संरक्षित आहे, विणीच्या काळात त्याला त्रास दिला तर तो गुन्हा ठरतो. कायदा बाजूला ठेवला तरी पिलू बिचकून कडेला सरकलं तर खाली थेट रस्ता.

आता फोटो. मागे चर्चचं काळपट छप्पर असणार. मीटर त्या काळ्याला भुलतो, एक्सपोजर वाढवतो आणि पांढरं जळतं. (मोकळं आकाश मागे असेल तर उलट, पक्षीच काळा पडतो.) मॅन्युअलवर या, रॉमध्ये काढा, हायलाइटची लुकलुक (जळालेला भाग स्क्रीनवर चमकून दाखवणारी सूचना) चालू ठेवा आणि पाठीवरची लुकलुक थांबेपर्यंत एक्सपोजर उतरवा. छप्पर काळंकुट्ट आलं तरी चालेल, तुम्हाला स्पर्धेत पाठवायचा नाहीये. सकाळी सातच्या आत जा. दुपारी तापलेल्या कौलांवरून हवा थरथरते, तिथे महागडी लेन्सही हात टेकते.

आणि निळ्या रेघेवर इतक्यात विश्वास ठेवू नका. जळलेल्या पांढऱ्याच्या कडेला स्वस्त झूममध्ये निळी-जांभळी किनार येतेच. शिवाय करकोचे उन्हात गारव्यासाठी स्वतःच्याच पायांवर शिटतात, त्याचे पांढरे ओघळ वाळले की काहीही भास होतो. रेघ पायाला वळसा घालून मागे जाते का, एवढंच बघा.

ऱ्हाइनपलीकडची:
मी ऱ्हाइन नदीच्या या बाजूला, फ्रान्सच्या आल्सास भागात राहते. फोटो सुधारेपर्यंत थांबू नका, आजच कळवा. आईबाप घरट्याला गादी म्हणून शेतातून काय वाट्टेल ते आणतात, त्यात ही सुतळीही येते. पाय वाढत जातो, सुतळी वाढत नाही. ती रुतत जाते आणि पुढे पाय सडतो.

तुमच्याकडे बहुतेक घरट्यांची देखभाल करणारं कुणीतरी स्वयंसेवक असतं, गावात त्याला ‘श्टोर्खनफाटर’ म्हणतात, म्हणजे करकोच्यांचा बाप! आजींना विचारा, त्यांना नाव तोंडपाठ असेल. नाहीतर नाबू या निसर्गसंरक्षण संस्थेच्या स्थानिक शाखेला फोन करा. पिलांचं वय नक्की सांगा. सहाएक आठवड्यांपर्यंत माणूस वर आला की पिलं मेल्याचं सोंग घेऊन निपचित पडतात, तेव्हाच त्यांच्या पायात ओळखीच्या कड्या घालतात. त्याहून मोठी झाली की घाबरून उडी मारायचा धोका.

तुम्हाला हे पक्षी आता छपराछपरावर दिसतात, पण १९७४ साली अख्ख्या आल्सासमध्ये ९ जोड्या उरल्या होत्या. पाणथळ कुरणं गेली, विजेच्या तारांनी मारले, आफ्रिकेतल्या दुष्काळाने मारले. मग पिलं पिंजऱ्यांत वाढवून, दोन-तीन वर्षं स्थलांतर चुकवून सोडली. त्यामुळे काही करकोचे आता हिवाळ्यातही इथेच मुक्काम ठोकतात. यावर इथे अजून वाद होतात. मला स्वतःला जानेवारीत बर्फात उभा करकोचा बघवत नाही, पण नसण्यापेक्षा बरा.

उजनीकाठचा:
धन्यवाद ताई. आजींना श्टोर्खनफाटर काकांचं नाव पाठच होतं, नंबरही. पहिलं पिलू एक मे रोजी दिसलं हे त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, म्हणजे आज पाच आठवडे झाले.

खरं सांगायचं तर फोन करायला संकोच वाटत होता. भिगवणला नाववाल्याला “अजून जवळ घे, उडू देत” म्हणणाऱ्यांत मीही होतो. फ्लेमिंगो उडाले की फोटो झकास यायचा. आमच्या इंदापुरात मात्र चिंचेवरच्या चित्रबलाकांना (करकोच्यांचेच भाऊबंद) कुणी खडा मारला तर म्हातारी माणसं ओरडायची. दोन्ही मीच पाहिलंय.

पाणलावा:
ते राहू द्या आता. सकाळी गेलात का?

उजनीकाठचा:
गेलो. साडेसहाला. एफ ८, १/१०००, आयएसओ ८००, पाठीवरची लुकलुक थांबली. छप्पर खरंच काळंकुट्ट आलं, पण पाय स्वच्छ दिसला. सुतळीच आहे, दोन वेढे, आणि एक टोक घरट्यात अडकलंय. पिलू उभं राहतं पण तो पाय पुढे टाकत नाही. फोटो त्या काकांना पाठवला. त्यांनी विचारलं, “वेढा सांध्याच्या वर की खाली?” फोटोत खाली दिसतोय, तेवढंच कळवलं. अग्निशमन दलाची शिडी गुरुवारी सकाळी आठला येणार आहे. मी खिडकीत असेन, पण काकांनी बजावलंय की कॅमेरा खाली ठेव आणि आईबाप परत कधी येतात ते घड्याळ लावून बघ.