‘संयम’ या शब्दाचा मूळ अर्थ आणि ‘निग्रह’ याच्याशी त्याचा भेद

रावपुराकर :
आमच्या शेजारच्या जैन कुटुंबातील मुलीची दीक्षा ठरली असून तिच्या गुजराती निमंत्रणपत्रिकेवर ‘संयमपंथे प्रयाण’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. घरी आम्ही मराठी माणसे ‘संयम’ हा शब्द राग गिळणे, पथ्य सांभाळणे किंवा फार तर श्रीखंडाची दुसरी वाटी नाकारणे एवढ्यापुरताच वापरतो, त्यामुळे घरदार सोडण्यासाठी तोच शब्द कसा चालतो हे उमगले नाही. या शब्दाचे मूळ काय, आणि ‘निग्रह’ व ‘संयम’ यांत काही भेद मानावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मांडवीवाला :
‘सम्’ हा उपसर्ग आणि ‘यम्’ हा धातू मिळून ‘संयम’ झाला. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, ‘यम उपरमे’ असे सांगतो, म्हणजे थांबणे. परंतु वैदिक भाषेत हाच धातू धरून ठेवणे, ताणणे, इतकेच नव्हे तर देणे या अर्थांनीही येतो. घोड्यांचे लगाम हाती धरणारा सारथी तो ‘यन्ता’, आणि नियम, यंत्र, व्यायाम, प्राणायाम ही सारी त्याच कुळातली. कठोपनिषदातील रूपकात शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे आहेत. तिथे घोडे सोडून द्यायचे नाहीत आणि मारायचेही नाहीत, कारण त्यांच्यावाचून रथ जागचा हलणार नाही.

‘निग्रह’ मात्र ‘ग्रह्’ म्हणजे पकडणे या धातूपासून आला आहे. राजा अपराध्याचा निग्रह करतो, आणि न्यायदर्शन या तर्कशास्त्रातील सोळा पदार्थांपैकी, म्हणजे विचारविषयांपैकी, शेवटचा ‘निग्रहस्थान’ म्हणजे वादी जिथे पकडीत सापडून हरतो ती जागा. म्हणून ‘मनोनिग्रह’ म्हणताना आपण मनालाच प्रतिपक्ष ठरवतो. गीता मनाच्या निग्रहाची चर्चा करते खरी, पण तिसऱ्या अध्यायात ‘निग्रहः किं करिष्यति’ असेही विचारते. स्वेच्छेची छटा मला संयमातच अधिक दिसते. ‘पोलिसांनी जमावाला संयम राखण्याचे आवाहन केले’ ही वर्तमानपत्री भाषा त्या दृष्टीने चोख आहे, कारण आवाहन संयमाचेच करता येते; निग्रह करायचा तर तो पोलीसच करतात.

फत्तेगंज :
पत्रिकेतील शब्द अगदी योग्य आहे. दशवैकालिक सूत्र या जैन ग्रंथाच्या पहिल्याच गाथेत अहिंसा, ‘संजम’ आणि तप यांना धर्म म्हटले आहे, आणि गुजरातीत ‘संयम लीधो’ म्हणजे दीक्षा घेतली असाच अर्थ होतो. याचा धागा ‘यम’ या शब्दापर्यंत जातो. पतंजलींनी अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाच यम सांगितले, आणि जात, देश, काळ व प्रसंग यांची सवलत न ठेवता ते पाळले तर त्यांना ‘महाव्रत’ म्हटले. जैन साधूंची पाच महाव्रतेही हीच आहेत. आपल्याच गुजरातेत, गिरनारच्या पायथ्याशी, अशोकाचा सातवा शिलालेख आहे. सर्व पंथांच्या लोकांना ‘सयम’ आणि ‘भावसुधि’ म्हणजे मनाची शुद्धी हवी असते, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हा शब्द कोणा एका पंथाचा उरला नव्हता.

रावपुराकर :
दोघांचेही आभार. मग अस्सल घरगुती मराठीत याला जवळचा शब्द कोणता मानावा?

मांडवीवाला :
‘आवर’. तो ‘आ’ आणि ‘वृ’ यांपासून आलेला, वेढणे व अडवणे या अर्थाचा. मात्र संयम आपण ‘राखतो’ किंवा ‘बाळगतो’, आणि आवर ‘घालतो’. शिवाय ‘आवरा आता’ असे बहुधा दुसऱ्यालाच, त्यातही बाहेर रिक्षा येऊन उभी राहिली असताना, सांगितले जाते.