शब्दचर्चा: ‘अर्धसंरक्षी’ म्हणजे नक्की कशाचं अर्धं?

घणसोलीहून: मुलगी बारावी सायन्सला. कॉलेजात सगळं इंग्रजीतून, घरी मराठीतून सांगा म्हणते. डीएनएची प्रत निघते त्या पद्धतीला एका पुस्तकात ‘अर्धसंरक्षी’ (इंग्रजीत semiconservative) म्हटलंय. तिचा प्रश्न: रेणू अर्धाच कॉपी होतो का? आणि यात कोण कुणाचं संरक्षण करतंय?

नौपाड्यातून: रेणू पूर्णच कॉपी होतो. अर्धं टिकतं ते जुनं. दोन धागे सुटे होतात, प्रत्येकासमोर नवा धागा रचला जातो. म्हणून दोन्ही रेणूंत एक जुना, एक नवा. ‘संरक्षी’ फसवाच शब्द आहे, ‘जतन’ धरून चला. ‘अर्धजतनी’ कानाला ओबडधोबड लागतं, पण दिशाभूल तरी करत नाही. आणि हे ‘प्रतिलेखन’ नव्हे बरं का! तो शब्द डीएनएवरून आरएनए बनण्यासाठी राखून ठेवलाय. पोरं तिथे हमखास अडखळतात.

ऐरोलीहून: काका, शब्द कळायला प्रयोगच बघायला हवा. 1953 साली वॉटसन-क्रिकनी रचना मांडली, तेव्हा प्रत अशी निघत असेल हा अंदाज होता. तो तपासला अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या मेसेल्सन आणि स्टाल यांनी. निबंध आला 1958 साली. ई. कोलाय जिवाणू कित्येक पिढ्या जड नायट्रोजन-15 वर वाढवले, म्हणजे त्यांचा डीएनएही जड झाला, मग एकदम साध्या नायट्रोजन-14 वर आणले. त्यांचा डीएनए सिझियम क्लोराइड या क्षाराच्या द्रावणात मिनिटाला 44,770 फेऱ्यांनी सुमारे 20 तास फिरवला. एवढ्या वेगात क्षार तळाकडे दाटतो, वर विरळ होतो, आणि डीएनए आपल्या घनतेची जागा गाठून तिथे पट्टा धरतो. आमच्या लॅबमध्ये आजही पहिला प्रश्न हाच, ‘बँड आला का?’

एका पिढीनंतर पट्टा एकच, जड आणि हलक्याच्या मधोमध. जुना रेणू अख्खाच्या अख्खा राहत असता, तर जड आणि हलका असे दोन दिसले असते. दुसऱ्या पिढीत निम्मा मधला, निम्मा हलका. मधला तापवून धागे सुटे केले, तर जड एकीकडे, हलका दुसरीकडे. म्हणजे एकाच धाग्यात जुनं-नवं कालवलेलं नव्हतं.

कोपरीहून: माझी हरकत ‘धाग्या’ला. वेणीचा असतो, दोरीचा असतो तो ‘पेड’ म्हणा की! डीएनए चक्क दुपेडी आहे. ‘धागा’ म्हटलं की पीळ डोळ्यांसमोर येत नाही, आणि खरी भानगड पिळातच होती. दोन पेडांना जोडणाऱ्या साधारण 10 बेस-जोड्यांमागे एक पीळ, ई. कोलायच्या सुमारे 46 लाख जोड्यांना चार लाखांवर पीळ झाले. ते उलगडणार कसे, इथे माक्स डेलब्रुक हा शास्त्रज्ञ अडला. पेड जागोजागी तुटून पुन्हा सांधत असतील, असं त्याने 1954 साली सुचवलं. तसं असतं तर दुसऱ्या पिढीतही एकच पट्टा, फक्त थोडा वर सरकलेला, दिसला असता. गडी अगदीच चुकला नव्हता म्हणा. पीळ काढण्यापुरतं तुटणं-सांधणं होतंच. ते करणारं पहिलं विकर (एन्झाइम) 1971 साली जेम्स वांगने दाखवलं.

घणसोलीहून: ‘दुपेडी’ तिला लगेच पटलं. पण पेपर इंग्रजीतच.

ऐरोलीहून: मग आकृती पक्की करून घ्या, दादा. तिसऱ्या पिढीत मधला पट्टा किती उरेल, विचारा.

घणसोलीहून: पाव म्हणतेय. बाकी पाऊण हलका.