स्ट्रीट ट्रायल्सची फ्रेम बनवून घेतोय : बीबी (पेडलचा आस फिरतो ती जागा) किती उंच ठेवू?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. तीन वर्षं २६ इंची जुन्या सायकलवर स्ट्रीट ट्रायल्स केलं, म्हणजे शहरातले कठडे सायकलवरूनच उड्या मारत चढलो, आता स्वतःच्या मापाची फ्रेम बनवून घ्यायची ठरवलीय. अंबड एमआयडीसीत टिग वेल्डिंग करणारे एक काका तयार झालेत. ४१३० क्रोमोली पोलादाच्या नळ्या मी आणून देणार.

नाशिकमध्ये सायकलवेडे कमी नाहीत. महाजन बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली तेव्हापासून तर गल्लोगल्ली रोड बाईक दिसते. पण ट्रायल्सच्या मापांबद्दल विचारावं असा माणूस दुकानात भेटत नाही, म्हणून इथे विचारतोय.

माझी मापं: चाकं २४ इंची, चेनस्टे (बीबीपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत) ३७० मिमी, व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर) ९९० मिमी, हेड अँगल (हँडलच्या नळीचा जमिनीशी कोन) ७२ अंश, बीबी +१०. म्हणजे दोन्ही अॅक्सल जोडणाऱ्या रेषेच्या १० मिमी वर बीबीचं केंद्र. मॅन्युअल (पेडल न मारता मागच्या चाकावर चालणं), बनी हॉप (दोन्ही चाकं उचलून उडी), १८० (हवेत अर्धी गिरकी) हे माझं रोजचं, शिवाय गंगापूर रोडकडचे कठडे. बीबी खाली असला की सायकल पायात बसते, उंच असला की टांगल्यासारखं वाटतं. +१० पक्कं करू का?

सातपूरचा फिटर

भाऊ, थांब. हे +१० तू २६ इंची फ्रेमवरून उचललंयस का? तसं असेल तर मोठी गल्लत आहे.

२६ इंची रिमचा टायर बसतो तो व्यास ५५९ मिमी, २४ इंचीचा ५०७. टायर तोच ठेवलास तरी अॅक्सल २६ मिमी खाली येतो आणि +१० तसंच राहिलं तर बीबीही तेवढाच खाली जातो. २.४ इंच रुंद टायर धरला तर २६ इंचीवर बीबी जमिनीपासून साधारण ३४८ मिमी, २४ इंचीवर ३२२. आत्ता पायाखाली आहे ती उंची हवी असेल तर +३६ लिहायला पाहिजे. ज्या सायकलवर तू तीन वर्षं शिकलास तिच्यापेक्षा नवी एक इंच खुजी होणार, हे लक्षात आलं होतं का?

आणि कठडा चढताना मागच्या चाकावर यावंच लागतं. तिथे बीबी जितका वर, तितकं अंग चाकाच्या डोक्यावर लवकर येतं. माझं मत +४०. स्पर्धेच्या ट्रायल्स सायकली याहून वर असतात, त्यांना सीटही नसते, ते उगाच नाही.

इंदिरानगर_२४

फिटरदादा, चाकाचा हिशोब शंभर टक्के बरोबर. +४० ला मात्र माझा ठाम विरोध.

तुम्ही स्पर्धेच्या डोक्याने बघताय. तिथला गडी जागेवर उभा राहून एका दगडावरून दुसऱ्यावर जातो, वेग जवळपास नसतोच. स्ट्रीटमध्ये आपण वेगात येतो. उंच बीबीवर मॅन्युअल धरायला गेलात की समतोलाची जागा चटकन येते आणि चटकन निघूनही जाते, ती ओलांडली की पाठीवर. मी +४५ ची मित्राची सायकल महिनाभर चालवली. कठडे सोपे झाले, पण मॅन्युअल दहा फुटांच्या पुढे गेलं नाही. माझ्या +१५ वर ते आरामात रस्ता संपेपर्यंत जातं.

अजून एक. चढायलाच सोपं करायचंय ना? मग चेनस्टे तोकडा करा. कागदावर काढून बघितलं मी. मागचं चाक जमिनीला टेकतं त्या बिंदूपासून बीबीपर्यंत रेघ ओढायची. +१० आणि ३७० ला ती साधारण ४१ अंशात उभी राहते. बीबी २० मिमी वर नेला तरी पावणेदोन अंशांचाच फरक, आणि चेनस्टे २० मिमी कमी केला तरी जवळपास तेवढाच. मग पाय उंचावर टांगून कशाला घ्यायचे?

सातपूरचा फिटर

कागदावर पटलं. पण ३५० चा चेनस्टे बसवणार कुठे? फुगलेल्या टायरची त्रिज्या ३१२, बीबी शेलची २०, झाले ३३२. उरले १८ मिमी. त्यात सीट ट्यूबची जाडी आणि चिखलाची फट. वर ड्रॉपआउट (मागचं चाक बसतं त्या खाचा) आडवे, म्हणजे चेन ताणायला चाक मागेपुढे सरकणार. सर्वात पुढे घेतलं की टायर नळीला घासणार. माझ्या हाताने ३६५ च्या आत सुखाने जमलेलं नाही.

आणि मॅन्युअल दहा फुटांवर अडलं ते बीबीमुळेच कशावरून? मित्राच्या सायकलचं हँडल किती उंच होतं, स्टेम (हँडल धरणारा दांडा) केवढा होता? एका सायकलवरून एका मापाला दोष देऊ नये.

इंदिरानगर_२४

स्टेम माझ्यापेक्षा लांब होता, हे मान्य. तो मुद्दा तुमचा.

तपोवन

तुम्ही दोघं बीबीवर भांडताय, पण गोदाकाठने फोर्कबद्दल, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याबद्दल, अक्षर लिहिलेलं नाही. चिमटा हातात आल्याशिवाय हेड अँगल लिहायचाच कसा?

९९० व्हीलबेसला फोर्क १० मिमी लांब निघाला तर हेड अँगल अर्धा अंश पडतो आणि बीबी साडेतीन मिमी वर येतो. सस्पेन्शनच्या जागी बसणारा २६ इंचीचा लांब कडक फोर्क लावलास तर ७२ चे ७० कधी झाले कळणारही नाही, मग पुढचं चाक उचलून फिरवताना जड लागेल. आधी फोर्क विकत घे, काकांच्या टेबलावर ठेव, मग बाकीची रेघ मार.

दुसरं, माझा स्वतःचा अनुभव. एका वर्कशॉपमध्ये फ्रेम करून घेतली. मापं सगळी मिमीत लिहून दिली होती, कामाच्या टेबलावर मात्र बोलणं सुतात. "ताई, अर्धं सूत इकडेतिकडे चालतं." अर्धं सूत म्हणजे दीड मिमी. शिवाय जिग (नळ्या जागेवर पकडणारा साचा) नव्हता, नुसता गुण्या लावून टाके मारले आणि एक बाजू पूर्ण भरून मग दुसरीला हात घातला. लोखंड थंड होताना ओढतं. चाक बसवलं तर टायर डाव्या चेनस्टेकडे चिकटलेला, उजवीकडे बोट जाईल एवढी फट.

ते रंग देण्याआधी पकडता आलं असतं. एका ड्रॉपआउटला दोरा बांधायचा, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणायचा आणि सीट ट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर व्हर्नियरने मोजायचं. दोन्ही अंतरं सारखी यायला हवीत. माझ्या फ्रेमला चार मिमीचा फरक होता. ही चाचणी झाल्याशिवाय पैसे देऊ नकोस. आणि टाके आलटूनपालटून मारायला सांग, डावा-उजवा, डावा-उजवा.

पंचवटी एक्सप्रेस

मध्येच विचारतो, अॅल्युमिनियम का नाही? वजन खूप वाचेल.

सातपूरचा फिटर

६०६१ चं वेल्डिंग झालं की जोडाशेजारचा भाग मऊ पडतो. पूर्ण फ्रेम भट्टीत घालून पुन्हा टी६ ला, म्हणजे मूळच्या कडकपणाला, आणावी लागते. एका फ्रेमसाठी ते कोण करणार? क्रोमोलीला भट्टी लागत नाही, उद्या तडा गेला तर अंबडमध्येच पुन्हा जोडता येईल. इथे गोदाकाठची निवड अगदी योग्य.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. फिटरदादा, तुम्ही बरोबर पकडलंत. आकडा २६ इंचीवरूनच घेतला होता.

काल संध्याकाळी सायकल आणि टेप घेऊन गेलो. (रामकुंडाच्या पायऱ्यांवर मी कधीच चढत नाही. तिथे लोक दशक्रियेला येतात, तिथे सायकल नेऊच नये.) मी नेहमी चढतो ते तीन कठडे मोजले: ४२, ४८ आणि ६१ सेंमी. ४२ वर चाक थेट पोहोचतं. ४८ ला आत्ताच बॅश गार्ड (बीबीजवळच्या दातेरी चाकाचं संरक्षक कडं) घासतो, काळ्या दगडावर माझ्याच गार्डच्या पांढऱ्या रेघा आहेत. +१० वर तो अजून २६ मिमी खाली आला असता, म्हणजे रोज आपटला असता. ६१ मला जेमतेम दहातून दोनदा जमतो.

म्हणून बीबी +३०. ४० नाही, कारण मी अर्धा वेळ मॅन्युअलवरच असतो आणि इंदिरानगरचं ते म्हणणं माझ्या पायांना पटतं. चेनस्टे ड्रॉपआउटमध्ये ३६५ ते ३८० सरकेल असा ठेवतो. हेड अँगल आत्ता लिहीत नाही. तपोवनताई म्हणतात तसं आधी फोर्क.

इंदिरानगर_२४

+३० ला माझा विरोध कायम. +२० वर ये, १० मिमीने गार्ड वाचणार नाही, उडीच उंच मारावी लागेल. पण फ्रेम झाली की आधी मला चालवायला दे.

तपोवन

काकांकडे कधी जातोयस? रविवारी असेल तर मी येते, दोरा आणि व्हर्नियर घेऊन.